नवख्या मेंढ्यांचा ताप

डडन खोऱ्यातला रस्ता संपतो तिथून पुढे
हॅना टायसनचं फाटक,
फाटकाला दोरी, कारण कडी ब्याण्णव साली तुटली.
एप्रिल. नेचा अजून तपकिरी, आडवा पडलेला,
गेल्या वर्षीचाच.
त्याच्याखाली ओल. ओलीत ते.

गवताच्या पात्याच्या टोकावर बसतात
पुढचे दोन पाय उचलून,
एस.टी.ला हात दाखवावा तसे.
घाई नाही. महिनोन्महिने उपाशी राहता येतं त्यांना.
कोणीतरी उबदार येईलच.

बावीस आल्या होत्या पेनरिथच्या बाजारातून,
सपाटीवरच्या, गाभण,
डोळ्यांत अजून ट्रेलरचा अंधार.
त्यातल्या नऊ गाभडल्या दहा दिवसांत.
हॅनाने एकेक कोकरू खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून
माझ्यासाठी ठेवलेलं, भिंतीच्या सावलीत,
कुत्र्याला दूर बांधून.
"माझ्या जुन्यांना काही नाही," ती म्हणाली,
"तेच कुरण, तेच किडे."
एवढं बोलून बोटांवर पुन्हा नऊ मोजले.

शेपटीखाली थर्मामीटर: एक्केचाळीस अंश आठ.
कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त.
रात्री ब्रॉटनच्या दवाखान्यात एकच दिवा,
जांभळ्या रंगात बुडवलेली काच.
पांढरी पेशी, जिचं कामच राखण,
आणि तिच्या पोटात जंतूंचा झुबका,
पिकल्या तुतीसारखा, दाणेदार.
चोर थेट पहारेकऱ्याच्या खिशात राहायला आलेला.

आमच्याकडे गोचीडताप म्हणजे गाईम्हशींचा.
थोरली आत्या म्हशीच्या कानामागून
एकेक उपटायची, फुगलेला, एरंडीच्या बीएवढा,
आणि रॉकेलच्या डब्यात टाकायची. टप्. टप्.
मधेच म्हणायची, कासेला चिकटून जन्म गेला मेल्याचा,
दुधाची चव काही कळली नाही.
लॅटिनमध्ये एरंडीला आणि ह्याला एकच शब्द,
हे मला एडिंबरोत कळलं, फी भरून.

मे महिना. हर्डविकची कोकरं जन्मतात काळी कुळकुळीत
आणि वर्षागणिक राखाडी होत जातात.
एक मागे राहिलेलं. तीन पायांवर.
पुढचा गुडघा लिंबाएवढा, गरम.
ताप कधीच उतरला होता,
पण जाताना दार उघडं ठेवून गेला,
दुसऱ्याच जंतूंनी सांध्यात बिऱ्हाड केलं.
सुई घातली. पू, घट्ट, सायीसारखा.
दुसऱ्या एकाच्या कण्यातच गळू.
मागचं अंग ओढत ते चाललं होतं
आईच्या दिशेने.
त्याचं काय करायचं ते आम्ही दोघींनी
एकमेकींकडे न बघता ठरवलं.

नव्यांपैकी दोन मेल्या. उरल्या वीस.
"एकदा ताप काढला की डोंगर ओळखतो त्यांना,"
म्हणत हॅनाने एकेकीच्या पाठीवर लाल पट्टा ओढला,
तिच्या घराण्याचा.
माझ्या शास्त्रात ह्याला लांबलचक नाव आहे.
ते राहू दिलं. विचारलं,
ओळख किती दिवस टिकते?
"इथेच राहिल्या तर टिकते.
वर्षभर दूर नेल्या, की पुन्हा पहिल्यापासून."
रंगाचा डबा बंद करताना
तिने झाकणावर टाच मारली.

रात्री आंघोळीला गेले तर गुडघ्यामागच्या घडीत
तिळाएवढा एक, तोंड रोवून.
आकड्याने अलगद फिरवून काढला,
स्पिरिटच्या बाटलीत टाकला.
आवाज झाला नाही, इतका लहान.
चिठ्ठीवर तारीख लिहिली, कुरणाचं नाव लिहिलं,
'कोणाच्या अंगावर' ह्या रकान्यापाशी
पेन जरा थांबलं.

आज बारावा दिवस.
सकाळी चहा उकळेपर्यंत
जिभेखाली थर्मामीटर धरून खिडकीत उभी राहते.
नॉर्मल.
अजून नॉर्मलच.